नेट गेलं तरी ऑफिस चालू ठेवायचं असेल तर

महिन्याची २० तारीख, दुपारचे चार. सांगलीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटरांवर जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची घाई चाललेली. दोन चौक पलीकडे गटाराच्या कामाला जेसीबी लागला होता. रस्त्यावरून आडव्या गेलेल्या वायरी त्याच्या हाताला अडकल्या आणि खांबापासून सुटून आल्या. ऑफिसातल्या सहाही स्क्रीनवर पोर्टलचं पान नुसतं गोल फिरत राहिलं. कोपऱ्यातल्या फायबरच्या डब्यावर लाल लाईट लुकलुकायला लागली.

ऑफिसात दुसरं कनेक्शनही होतं. वेगळ्या कंपनीचं, दर महिन्याला वेगळं बिल भरून घेतलेलं. त्याच्याही डब्यावर तशीच लाल लाईट. दोन्ही वायरी त्याच खांबांवरून, एकमेकींना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून आणलेल्या होत्या.

ते नेटवर्क मीच लावलं होतं. दुसरं कनेक्शन घ्या, हा सल्लाही माझाच. वायर कुठून येते, हे मात्र मी विचारलं नव्हतं. साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "अहो, दोन-दोन बिलं भरतोय, मग दुसरं घेतलं कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विवरणपत्राला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, निरंक असेल तर २०, आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. एका दिवसाचे पैसे फार नसतात, पण ते क्लायंटच्या नावावर लागतात आणि फोन मात्र सल्लागाराला येतात.

तेव्हापासून नव्या ऑफिसात गेलो की आधी राऊटर बघत नाही. गॅलरीत जाऊन वायर बघतो. कुठल्या खांबावरून येते, कुठे वळते, भिंतीवरून कुठे उतरते. बॅकअपचं निम्मं काम तिथे ठरतं.

दोन कनेक्शनं आणि दोन वाटा

समजा, तुमचं कनेक्शन शंभरातले ९९ तास नीट चालतं. ऐकायला उत्तम. पण ३० दिवसांचे तास होतात ७२०, आणि त्याचा एक टक्का म्हणजे महिन्याला सात तासांहून जास्त वेळ नेट बंद. आता तेवढंच भरवशाचं दुसरं कनेक्शन शेजारी ठेवा. दोघांच्या बिघाडांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही एकाच क्षणी बंद असण्याची शक्यता होते एक टक्क्याचा एक टक्का, म्हणजे दहा हजारांत एक. महिन्याला जेमतेम चार मिनिटं. साधीच दोन कनेक्शनं, आणि सात तासांचे चार मिनिटं होतात.

पण हा सगळा हिशेब 'संबंध नसेल तर' या शब्दांवर उभा आहे. एक खांब सामाईक निघाला, एक चर, एक मीटर, अगदी टेबलाखालचा एक एक्स्टेन्शन बोर्ड जरी सामाईक निघाला, तरी पुन्हा सात तासांवर या.

म्हणून छोट्या ऑफिससाठी माझी पसंती ठरलेली आहे: एक फायबर आणि एक सिम, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. फायबर रोजच्या कामाला, कारण त्यात वेग आहे आणि डेटाची फार चिंता नाही. सिम अडचणीला, कारण ते हवेतून येतं, तुमच्या गल्लीतल्या खांबाशी त्याचं काही देणंघेणं नाही. कंपन्या वेगळ्या हव्यात, कारण मोबाइल टॉवरलाही मागून बऱ्याचदा फायबरच जोडलेली असते. कंपनी एकच असेल, तर शहराबाहेर कुठेतरी तुटलेली एक वायर तुमचं घरातलं आणि हवेतलं, दोन्ही नेट बंद करू शकते.

इथे आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. गल्लीतला केबलवाला स्वतःच्या नावाने बिल देतो, पण मागे लाइन कुठल्यातरी मोठ्या कंपनीची घेतलेली असते. "दादा, तुमची लाइन मागे कोणाकडून येते?" असं सरळ विचारा. वायर ओढायला येणारा माणूस हे लपवत नाही, उलट कोणी विचारलं की खुशीने सांगतो. त्याने सांगितलेलं नाव सोडून दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या.

सिम असलं की सगळं भागलं, असंही समजू नका. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा विजेचे खांब झोपले, आणि वीज नाही म्हणून कितीतरी ठिकाणी मोबाइलही अनेक दिवस बंद होते. तशा संकटात छोट्या ऑफिसचा कुठलाच बॅकअप पुरा पडत नाही. आपल्याला तयारी करायची आहे ती रोजच्या गोष्टींची: जेसीबी, पावसात पडलेली फांदी, जळालेला अडॅप्टर, कंपनीकडून दुपारभर अडकलेली लाइन.

सिम कुठल्या कंपनीचं, हे जाहिरात बघून ठरवू नका. ऑफिसातल्या चार जणांच्या फोनमध्ये दोन-तीन कंपन्यांची सिमं असतातच. कामाच्या ऐन वेळी, म्हणजे सकाळी नऊला नव्हे, संध्याकाळी पाचला, ऑफिसच्या टेबलावर बसून प्रत्येकाचा वेग मोजा, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, कारण कागदपत्रं तुम्हाला वर चढवायची आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे छान. उणे ११०च्या पलीकडे गेला तर तिथे सिमचा राऊटर, म्हणजे पोटात सिम घालायचा डबा, ठेवून उपयोग नाही, खिडकीकडे चला. काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी कपाटं सिग्नल खातात. कॉम्प्युटर आणि राऊटर जोडणारी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा सिमचा राऊटर वरच्या मजल्याच्या खिडकीत ठेवून खाली नुसती केबल आणली तरी चालतं.

नेट गेलं हे राऊटरला कळायला हवं

बहुतेक ऑफिसांचा आजचा बॅकअप म्हणजे कोणाचातरी फोन. नेट गेलं की हॉटस्पॉट चालू. एक-दोन कॉम्प्युटर असतील तर याने भागतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पाच-सहा जणांच्या ऑफिसात काय होतं, ते मी अनेकदा पाहिलंय. कॉम्प्युटर वाय-फायने हॉटस्पॉटला जोडला जातो, तरी ब्राउझर उघडत नाही. कारण विंडोज सहसा लॅन केबलला वाय-फायच्या वर मान देतं आणि त्या बंद पडलेल्या केबलीतूनच बाहेर जायचा प्रयत्न करत राहतं. मग कोणीतरी वैतागून लॅनची केबल उपसतं. पोर्टल उघडतं, पण त्याच केबलीवर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा असलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता, ते दोन्ही तुटतात. आकडे टॅलीत आणि पोर्टल हॉटस्पॉटवर, मध्ये माणूस कागदावर आकडे उतरवून घेतोय.

यावरचा उपाय म्हणजे दोन इंटरनेट लाइनी एकाच वेळी घेऊ शकणारा राऊटर, ज्याला ड्युअल वॅन किंवा मल्टी वॅन म्हणतात. टीपी-लिंकचा ईआर६०५ किंवा मायक्रोटिकचे छोटे राऊटर या कामाचे आहेत. फायबरच्या डब्यातली केबल त्याच्या पहिल्या तोंडात, सिमच्या राऊटरची दुसऱ्या तोंडात. ऑफिसचे कॉम्प्युटर, प्रिंटर, टॅली सगळे त्याच्या मागे. बाहेरची वाट बदलली तरी ऑफिसच्या आतलं जाळं जागचं हलत नाही. मल्टी वॅन राऊटर आणि सिमचा राऊटर, दोन्ही मिळून साधारण दहा-बारा हजारांत बसतं.

आता या सगळ्यातली सर्वांत जास्त चुकणारी जागा. राऊटर आणून दोन केबली लावल्या म्हणजे झालं, असं वाटतं. पण फायबर तुटते कुठे? दोन चौक पलीकडे. आणि राऊटरला दिसतं काय? त्याच्यापासून फायबरच्या डब्यापर्यंतची अर्ध्या मीटरची केबल. ती तर शाबूत आहे, तिच्यावरचा हिरवा दिवाही चालू आहे. राऊटर म्हणतो, पहिली लाइन ठीक आहे. तो बदल करतच नाही. दारासमोरचा रस्ता मोकळा दिसतो म्हणून पुढचा पूल वाहून गेलाय, हे घरात बसून कळत नाही, तसंच.

म्हणून राऊटरला सांगावं लागतं की थोड्या थोड्या वेळाने पलीकडे हाक मारून बघ. तांत्रिक भाषेत पिंग. दर पाच-दहा सेकंदांनी गुगलच्या ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या पत्त्यांना हाक मारायची. दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर आलं नाही, तर लाइन मेली असं धरायचं आणि सिमवर जायचं. पत्ते दोन का? कारण कधी त्यांच्यातलाच एखादा उत्तर देत नाही, आणि आपली लाइन उगाच बदलते. आपल्याच कंपनीच्या जवळच्या पत्त्याला हाक मारणंही फसवं, कारण कंपनीपर्यंत रस्ता असतो आणि कंपनीच्या पुढे नसतो, असं कितीदा होतं. राऊटरच्या पानावर हे 'ऑनलाइन डिटेक्शन' किंवा तशाच नावाखाली मिळतं.

परत येतानाही घाई नको. फायबर जोडायला माणूस खांबावर चढलेला असतो, तेव्हा लाइन येते, जाते, पुन्हा येते. राऊटर तिच्या मागे पळत सुटला, तर दर मिनिटाला ऑफिसचं नेट इकडून तिकडे उडी मारणार. राऊटरमध्ये सोय असेल तर पहिली लाइन सलग दोन मिनिटं उत्तर देत असेल तरच तिच्यावर परत ये, असं सांगून ठेवा.

एक बारीकशी गोष्ट, पण हिच्यापायी मी एका ऑफिसात दीड तास घालवला आहे. फायबरचा डबा आणि सिमचा राऊटर, दोघांचाही घरचा पत्ता कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१.१ असू शकतो. एकाच गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या असाव्यात, तसं होतं. मधल्या राऊटरला कळत नाही की डेटाचं पाकीट कुठल्या गल्लीत टाकायचं. दोन्ही लाइनी वेगवेगळ्या तपासल्या की चालतात, एकत्र लावल्या की गोंधळ. सिमच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा आणि ऑफिसच्या आतला पत्ता या दोघांपेक्षा वेगळा ठेवा, प्रश्न मिटतो.

तसंच डीएनएसचं. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी ही वही आहे. कॉम्प्युटरांना पहिल्या कंपनीची वही लावलेली असेल, तर सिमवर गेल्यावर ती वही उघडेलच असं नाही. नेट चालू, पण एकही साइट उघडत नाही. दोन्ही लाइनींवरून चालणारे ८.८.८.८ आणि १.१.१.१ हेच इथेही लावून टाका.

बदलताना काय तुटतं

लाइन बदलली की जगाला दिसणारा तुमच्या ऑफिसचा पत्ता बदलतो. बँकेच्या साइटला हे पटत नाही. आत्ता याच खात्यात एका पत्त्यावरून माणूस होता, आता दुसऱ्यावरून आलाय, म्हणून ती बहुतेक वेळा बाहेर काढते. पुन्हा लॉगिन करावं लागतं. अर्धवट चढलेली फाइल पुन्हा चढवावी लागू शकते. व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठतो आणि बऱ्याचदा सावरतो. ऑफिसातल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाहेर फेकलं गेलं की पैसे कापले गेले का, या भीतीने लोक तेच पेमेंट दुसऱ्यांदा करायला जातात. आधी खात्याचं स्टेटमेंट बघायचं, मग पुढचं.

दोन्ही लाइनी एकदम वापरून वेग दुप्पट करा, असंही राऊटरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. लोड बॅलन्सिंग. पैसे भरतोच आहोत तर वापरू, हा मोह मला समजतो. पण त्यात ऑफिसची काही पाकिटं एका पत्त्यावरून जातात, काही दुसऱ्यावरून, आणि बँकेचं वर सांगितलेलं दुखणं नेट चालू असतानाही सुरू होतं. ते टाळायच्या सेटिंग आहेत, पण त्या नीट लावणारा माणूस रोज हाताशी हवा. छोट्या ऑफिसात एक लाइन कामाला आणि दुसरी राखीव, हेच मी लावून देतो.

सिमवर गेल्यावर आणखी एक गोष्ट थांबते. घरी बसून ऑफिसचा कॅमेरा बघायचा किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचं, यासाठी काही ठिकाणी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवरचा पत्ता, घेऊन राऊटरमध्ये दार उघडून ठेवलेलं असतं. सिमवर ते दार बाहेरून सापडत नाही, कारण मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. सिमच्या राऊटरमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होताना दिसला, तर तेच कारण समजा. एनीडेस्कसारखी दुरून कॉम्प्युटर चालवायची साधनं आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून ती सिमवरही चालतात.

दोन जीबी किती वेळ पुरतात

बऱ्याच सिमच्या प्लॅनमध्ये रोजचे दीड-दोन जीबी मिळतात, ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाला जीएसटीचं पोर्टल उघडत नाही म्हटलं तरी चालेल. विवरणपत्रं, ईमेल, बँक, एवढ्यालाच वापरलं तर दोन जीबी सहा जणांना दिवसभर पुरतात. पण ऑफिसातला मोठा खाऊ माणूस नसतो. एखादा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत असेल, तर तासाला ९०० एमबी झाले. असे दोन कॅमेरे असतील, तर तुम्ही एकही विवरणपत्र भरायच्या आधी साधारण सत्तर मिनिटांत दिवसाचा कोटा साफ. त्यात विंडोजचे अपडेट आणि गुगल ड्राइव्हचं सिंक.

म्हणून राऊटरमध्ये नियम लावायचा: लाइन सिमवर असताना कॅमेऱ्यांचा डबा आणि पाहुण्यांचं वाय-फाय बाहेर जाणार नाही. कॅमेरे ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करत राहतात, तेवढं पुरतं. कॉम्प्युटरांचे अपडेट रात्रीच्या वेळेवर ढकला.

रिचार्जही लक्षात ठेवावा लागतो. २८ दिवसांचा प्लॅन घेतला की वर्षाला १३ रिचार्ज. सिम राऊटरच्या पोटात बसलेलं असतं, रिचार्ज संपल्याचा मेसेज कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. ज्या दिवशी फायबर तुटते, त्या दिवशी कळतं की सिम गेल्या महिन्यातच थंड पडलंय. लांब मुदतीचा प्लॅन घ्या आणि तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, जीएसटीच्या तारखांच्या शेजारी.

लाईट गेली तर

आपल्याकडे नेट जाण्याचं पहिलं कारण बऱ्याचदा लाईट असते. फायबरचा डबा, राऊटर, सिमचा राऊटर, हे सगळे १२ किंवा ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे छोटे जीव. १२ व्होल्ट आणि एक अँपिअर म्हणजे कमाल १२ वॉट, एका एलईडी बल्बइतकं. हजार-दोन हजारांचा मिनी यूपीएस एका डब्याला दोन-चार तास सहज सांभाळतो. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा आणि यूपीएसचा आकडा जुळतो का, हे स्वतः वाचून बघा, दुकानदार 'चालतंय' म्हणाला तरी.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका यूपीएसवर आहे का, ते बघा. दुसऱ्या स्थितीत लाईट जाताना मध्ये क्षणभर खंड पडतो. पंख्याला ते कळतही नाही, पण राऊटर बंद होऊन पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. आणि कोपऱ्यातला तो आठ पोर्टचा लॅन स्विच विसरू नका. सगळे राऊटर इन्व्हर्टरवर, आणि कॉम्प्युटरांना त्यांच्याशी जोडणारा स्विच मात्र साध्या प्लगवर, असं मी किती ठिकाणी पाहिलं असेल! नेट आहे, पण कोणापर्यंत पोचत नाही.

वायर उपसून बघा

सांगलीच्या त्या ऑफिसात आता एक फायबर, एक सिम आणि एक मल्टी वॅन राऊटर आहे. प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली आहे: 'फायबर', 'सिम', 'स्विच'. राऊटरचा पासवर्ड आणि दोन्ही कंपन्यांचे ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावले आहेत, कारण नेट गेल्यावर ईमेलमध्ये शोधता येत नाहीत.

दर महिन्याच्या ५ तारखेला, म्हणजे ११ तारखेच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या गर्दीआधी, तिथल्या मॅडम फायबर उपसून बघतात. राऊटरची लॅन केबल नाही, फायबरच्या डब्यात येणारी ती पातळ पिवळी वायर, टोकाचं कनेक्टर धरून, आणि तिच्या तोंडाला बोट किंवा धूळ लागू न देता. वायरच्या तोंडात डोळा घालून बघायचं नाही, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. लाल लाईट लागते, मॅडम मोबाइलवर सेकंद मोजतात. पहिल्या महिन्यात बदल झालाच नाही, कारण मी हाक मारायचा पत्ता फायबरच्या डब्याचाच ठेवला होता. दुसऱ्या महिन्यात ४० सेकंद लागले. आता २५ ते ३०. मग सिमवर असतानाच त्या जीएसटीचं पोर्टल उघडतात, एक पान छापतात, टॅली चालते का बघतात आणि वायर परत लावतात. सगळं मिळून दहा मिनिटं. तारीख आणि सेकंद वहीत लिहितात.

मागच्या पावसाळ्यात चौकातलं गुलमोहर वायरींवर आडवं झालं, तेव्हा नेट गेलं होतं हे साहेबांना संध्याकाळी कळलं. वायर जोडून झाली, असं सांगायला केबलवाला दारात आला तेव्हा.